टोपीपाशी बंद पडणारा सर्व्हर

आमच्या हॉलमध्ये शोकेसच्या खालच्या कप्प्यात एक काळा डबा आहे. मी त्याला सर्व्हर म्हणतो, बायको डबाच म्हणते आणि आई म्हणते ‘ते घूं करणारं’. कुठल्याशा ऑफिसनं भंगारात काढलेला हा कॉम्प्युटर मी शहागंजातल्या जुन्या मालाच्या दुकानातून उचलला, त्याला दोन मोठ्या हार्ड डिस्क जोडल्या आणि घरातले सगळे सिनेमे, भजनं, फोटो, सहलीचे व्हिडिओ त्यात भरून टाकले. आता घरातल्या कुठल्याही टीव्हीवर, कुठल्याही मोबाइलवर, बटण दाबलं की हवं ते हजर. निदान माझी कल्पना तशी होती, आणि कल्पनेत तो कधीच बंद पडला नाही.

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. हे काम बरीच वर्षं केलं की माणसाला वाटायला लागतं, जगातला कुठलाही बिघाड आपल्यापुढं फार वेळ लपून राहणार नाही. त्या डब्यानं माझी ही समजूत शांतपणे, टप्प्याटप्प्यानं उतरवली. पण ती कशी उतरवली ते सांगायच्या आधी टोपीचं सांगायला हवं. टोपी नसती तर मी त्या डब्यापायी एवढा जीव आटवलाच नसता.

टोपी आमच्या दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. कन्नडच्या पुढं त्यांचं गाव. ऊस आहे, थोडी मेंढरं अजून राखून आहेत, आणि बोलणं असं की गल्लीच्या टोकाला उभं राहिलं तरी घरात ऐकू यावं. माझं लग्न गावाकडंच, शेतातल्या मांडवात झालं. तेव्हा मानपानाला टॉवेल-टोपी असायचीच. मुलीच्या वडिलांनी मुलाकडच्या मानाच्या माणसांना एकेक करून पुढं बोलवायचं, गंध लावायचं, डोक्यावर पांढरी टोपी ठेवायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा, हातात नारळ द्यायचा. दाजी तर घरचे जावई, त्यांचा मान सगळ्यांत आधी. त्यांना टोपी घातली गेली, यात कुणाचंच दुमत नाही.

दुमत आहे ते पुढचं. दाजींचं म्हणणं असं, की नंतर अक्षता पडत असताना मागून कुणीतरी ती टोपी त्यांच्या डोक्यावरून अलगद उचलून नेली. वळून बघेपर्यंत गर्दीत कोण कुठं, काही कळलं नाही. घरचा जावई मांडवातून बोडक्या डोक्यानं परत गेला. आणि त्यांचा संशय होता मुलीकडच्यांवर. टोप्या कमी पडल्या असतील, म्हणून एकाची काढून दुसऱ्याला घातली, असं ते सांगायचे.

हे ऐकलं की माझ्या बायकोच्या हातातलं भांडं जरा जोरात खाली ठेवलं जायचं. तिच्या वडिलांनी दिलेला मान परत काढून घेतला, असं तिच्याच सासरी, तिच्याच देखत, दर दिवाळीला बोललं जायचं. बाकीचे सगळे दाजींना हसायचे. कुणी म्हणायचं, तुम्हीच कुठं तरी विसरलात. कुणी म्हणायचं, पंगतीत पडली असेल. आई मात्र पहिल्यापासून वाऱ्याच्या बाजूची. त्या दिवशी लई वारं होतं, ती सांगायची, उडाली असंल.

दाजींची समजूत घालायला आम्ही त्यांना इतक्या टोप्या दिल्या, की त्यांच्या घरी त्या ठेवायला वेगळी पेटी लागली असेल. प्रत्येक वेळी ते टोपी घ्यायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, “मी टोपीला भुकेला नाय. मी खोटं बोलत नाय, एवढं कुणीतरी म्हना.” ते कुणी म्हणायचं नाही. कारण तसं म्हटलं तर माझ्या सासऱ्यांनी टोपी परत घेतली असं कबूल करावं लागणार. आणि ते कबूल करायला माझ्या बायकोच्या समोर बसून जेवणारा कोण तयार होईल?

अशी वर्षं गेली. आणि आता आमच्या मुलीचं लग्न ठरलं.

आमच्याकडं हळदीला पहिला हात आत्याचा. अक्का लहानपणापासून ज्या भाचीला ‘तुझ्या हळदीला मीच पहिली’ म्हणत आली, त्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हाच दाजींनी निरोप धाडला. टोपीचा निकाल लागल्याशिवाय आमच्या घरातलं कुणी लग्नाला येणार नाही. अक्कानं फोनवर मला एवढंच सांगितलं, की या वेळी ते खरंच बोलतायत. मुलगी पुण्याला नोकरी करते, तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, “आत्या नसेल तर मी हळदीला बसणार नाही, पप्पा. तुम्ही बघा काय करायचं ते.”

मी बघायला लागलो. आणि आईच्या ट्रंकेत, रेशमी लुगड्यांच्या खाली, आमच्या लग्नाची कॅसेट सापडली.

तो दिवस मला अजून आठवतो, कारण मी घरभर नाचलो होतो. शहरात एकानं ती कॅसेट कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये उतरवून दिली. रंग जरा हिरवट झाले होते, मधून मधून पट्टे यायचे, पण मांडव होता, माणसं होती, आणि मी होतो. इतका बारीक, की मुलीनं मोबाइलवर बघून विचारलं, हे कोण. मी आणि बायकोनं मोबाइलवर ती फाइल सरकवत सरकवत मानपानापर्यंत नेली. माझे सासरे पुढं झाले, दाजींना गंध लावलं, दोन्ही हातांनी टोपी घातली, वर नमस्कार केला. बायकोनं तिथंच चित्र थांबवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “एवढ्या प्रेमानं घातलेली टोपी कुणी परत घेईल का?” ती म्हणाली. मलाही ते पटलं. त्यापुढची फाइल बघायची आम्हा दोघांनाही गरज वाटली नाही. कारखान्यात एक नग बघून अख्खा लॉट पास केला असता तर माझी नोकरी गेली असती, पण घरात माणूस एवढं कुठं जपतो.

ठरलं असं, की दाजींना बोलवायचं आणि मोठ्या टीव्हीवर सगळ्यांसमोर दाखवायचं. मोबाइलवर ते बघणार नव्हते, त्यांना बारीक दिसत नाही. पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावली, तर टीव्हीनं ती फाइल ओळखलीच नाही. मग सर्व्हर कशासाठी आहे? तो असली अडेल फाइल चालता चालता बदलून टीव्हीला समजेल अशी करून देतो. मी बायकोला म्हणालो, बघ, याच दिवसासाठी मी हा आणला होता. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

अक्का आणि दाजी लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीला शहरात आले, तेव्हा पहिली बैठक झाली. चहा झाला, पोहे झाले. दाजी सोफ्याच्या कडेला बसले, पाठ ताठ, जणू कोर्टात साक्ष द्यायला आलेत. कॅसेट सुरू झाली. सुरुवातीला गुलाबाच्या फुलात मी आणि बायको गोल गोल फिरतो, मग बदामाच्या आकारात दोघांची तोंडं येतात. अक्का हसून हसून बेजार झाली. मग मांडव दिसला, माइकवर नावं पुकारणं सुरू झालं. तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, पाणी आलं. आमच्या शहरात पाणी काही रोज येत नाही, आलं की सगळं सोडून उठायचं असतं. मी गच्चीवर पाइप धरायला पळालो, बायको मोटर लावायला गेली. टाकी भरून मी खाली आलो, तर टीव्हीवर निळा पडदा आणि त्यावर ‘सर्व्हर सापडत नाही’. डबा मेलेला. दाजी तसेच ताठ बसलेले.

“बराबर टोपीपाशी आलं आन् बंद पडलं,” ते म्हणाले. आणि चपला घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

तिथून माझा शोध सुरू झाला. खोटं कशाला सांगू, मला त्यात फार मजा यायला लागली. लग्नाची कामं पडली होती, हॉल बघायचा होता, पत्रिका छापायच्या होत्या, आणि मी जमिनीवर पालथा पडून, टॉर्च तोंडात धरून, त्या डब्याच्या पोटात बघत होतो.

पहिला संशय मेमरीवर. ज्याच्याकडून मशीन घेतलं तो शहागंजातला दुकानदार मोठा गमतीचा माणूस. त्याच्या दुकानात प्रत्येक वस्तू मजबुतीला एक तर टाकी असते नाही तर हत्ती. मी तक्रार घेऊन गेलो तर त्यानं डबा उघडूनसुद्धा बघितला नाही. “अंकल, रॅम मैली हो गई होगी,” तो म्हणाला. “रबर से घिसो, हाथी के माफिक चलेगा.” मी घरी येऊन मेमरीची पट्टी काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले, परत बसवली. मशीन चाललं. दोन दिवस चाललं, तीन दिवस चाललं. मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, ‘बिघाड सापडला. आता कायमचं झालं.’

त्याच आठवड्यात ते पुन्हा बंद.

मग दुसरा संशय, गरमी. शोकेसमध्ये हवा खेळत नाही, बाजूला आईचा देवाचा दिवा. मी प्रोसेसरवरचा पंखा काढला, त्याच्याखाली वाळलेला लेप खरवडला आणि नवा लेप लावला. ती ट्यूब बायकोनं टूथपेस्टजवळ ठेवली होती, तेव्हा आई दात घासायच्या आत ती उचलली, ही त्यातली एक कामगिरी. शोकेसच्या पाठीला ड्रिलनं भोकं पाडली. पोर्सेलीनचं बदक त्यात फुटलं, पण मशीन चाललं. चाललं म्हणजे किती छान, मी रोज कामावरून आल्यावर हात लावून बघायचो, गार. ग्रुपवर पुन्हा लिहिलं, ‘खरं कारण गरमी होती. आता कायमचं.’ मुलीचा फोन आला. तिनं विचारलं, “पप्पा, हे ‘कायमचं’ आधीच्या ‘कायमचं’पेक्षा मोठं आहे का?”

तेही टिकलं नाही. मग मी डिस्क तपासल्या, त्या धडधाकट निघाल्या. वायरी बदलल्या. शेवटी माझी खात्री पटली की दोष एसएमपीएसमध्ये आहे, म्हणजे विजेचा पुरवठा सांभाळणारा जो ठोकळा असतो त्यात. नवा, चांगला, महागातला घ्यायचा की जुना चालवायचा? इथं मी माझ्या अनुभवाला स्मरून जुनाच घेतला. शहागंजातूनच. “ये तो टंकी है टंकी,” दुकानदार म्हणाला, आणि मी खूश होऊन आणला. बसवला. मशीन अशा डौलात सुरू झालं, की मी बायकोला हाताला धरून आणून दाखवलं. तिनं ओल्या हातानं त्याला नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात गेली.

आता मागं वळून बघितलं की माझं मलाच हसू येतं. प्रत्येक दुरुस्ती चार-सहा दिवस टिकायची आणि प्रत्येक दुरुस्तीला मी त्या चार-सहा दिवसांचं श्रेय द्यायचो. टीव्ही मात्र कधीच बंद पडायचा नाही. म्हणून विजेवर माझा संशयच गेला नाही. वीज खराब असती तर टीव्ही नसता का गेला? असा मी स्वतःलाच प्रश्न विचारायचो आणि स्वतःलाच पैकीच्या पैकी मार्क द्यायचो.

पत्रिका छापून आल्या. पहिली देवाला, दुसरी अक्काला. मी कन्नडला जायला निघणार, त्याच्या आधी दाजींनाच फोन केला. म्हणालो, दाजी, मशीन आता पक्कं झालंय, रविवारी या, अक्काला घेऊन या, बघून घ्या आणि मग पत्रिका घेऊन जा. मग दाजी म्हणाले, की एवढी बारी येतो. पुन्हा ते टोपीपाशी बंद पडलं, तर पत्रिका आणायचे कष्ट घेऊ नका.

रविवार उजाडला. मी सकाळपासून त्या डब्याभोवती पिंगा घालत होतो. सगळी फाइल एकदा चालवून बघावी असं मनात आलं, पण वाटलं, नको, उगाच दमवायला. दाजी आले. या वेळी चहासुद्धा आधी घेतला नाही. बसले आणि मी शेजारून जायला लागलो तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

“पाव्हणं, मागच्या टायमाला तुमी उठून गेलात आन् ते बंद पडलं. आज तुमी हितंच बसायचं. माझ्या शेजारी.”

म्हणजे त्यांना वाटत होतं, मीच मधे उठून काहीतरी करतो. अक्का खाली बघत होती. बायकोचे ओठ घट्ट मिटलेले. आई कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती आणि तिचं लक्ष मेथीत जरा जास्तच होतं, पण हे मला नंतर सुचलं. मी बसलो. मनगट दाजींच्या हातात तसंच.

गुलाब आला, बदाम आला, या वेळी कुणी हसलं नाही. मांडव आला. माइकवर नावं सुरू झाली. आणि गल्लीतून आरोळी आली. पाणी आलं.

मी सवयीनं उठलो, दाजींनी खाली खेचलं. बायको एकटीच उठली. जिन्याखालची छोटी मोटर तिनं बाहेर नळाला जोडली, हे लिहू नये, पण आमच्या गल्लीत सगळेच नळाला मोटर लावतात, आणि तिची वायर खिडकीतून आत घेऊन शोकेसमागच्या बोर्डात पिन घातली. तो लांब बोर्ड मीच तिथं बसवला होता, सगळं हाताशी असावं म्हणून. टीव्ही त्याच्यावर, सर्व्हर त्याच्यावर, आणि पाण्याच्या दिवशी मोटरही त्याच्यावर. बाहेर मोटरनं घरघर केली.

आणि मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या क्षणी हॉलमध्ये होतो. डब्यावरचा निळा दिवा एकदम मंद झाला, आतल्या पंख्याचा आवाज दमल्यासारखा खाली उतरला, टिक असा आवाज आला आणि दिवा गेला. टीव्हीला काही झालं नाही. टीव्ही बिचारा आपला निळा पडदा दाखवत उभा.

“सापडलं!” मी ओरडलो. दाजींचा हात झटकून उभा राहिलो. “सापडलं, सापडलं!”

अक्का दचकून म्हणाली, “टोपी?”

माझ्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं होतं. मोटर सुरू होताना विजेचा मोठा घोट घेते. त्या पातळ वायरीतला विजेचा दाब ती चालू असेपर्यंत उतरलेला राहतो. टीव्ही तो सहन करतो, पण शहागंजातली ती जुनी ‘टाकी’, म्हणजे तो ठोकळा, नाही सहन करत, आणि आधीचाही करत नव्हता. पाणी येतं तेव्हा मी असतो गच्चीवर, म्हणून मला दर वेळी फक्त प्रेत सापडायचं. मेमरी नाही, गरमी नाही, डिस्क नाही. पाण्याची पाळी! माझ्या प्रत्येक ‘कायमचं’ची मुदत महापालिका ठरवत होती. मी आनंदानं टाळ्या पिटत होतो, आणि दाजी चपला शोधत होते.

“मोटर काढ,” मी बायकोला म्हणालो. “पिन काढ, मशीन चालू होईल, आत्ता चालू होईल.”

ती खिडकीशी उभी होती. बाहेर पाणी धो धो यायला लागलं होतं. दुसऱ्या बोर्डापर्यंत वायर पोचत नव्हती. आणि आमच्याकडं पाणी सोडणं म्हणजे काय, हे इथल्या बाईला विचारा. पुढची पाळी कधी, ते कुणी सांगू शकत नाही. टाकी तळाला गेलेली. घरात पुढच्या आठवड्यात पाहुणे. तिनं एकदा टाकीच्या दिशेनं बघितलं, एकदा टीव्हीकडं.

“राहू द्या पाणी,” ती म्हणाली आणि पिन उपसून काढली. “आज माझ्या वडिलांचं नाव स्वच्छ होऊ द्या.”

दाजी एक चप्पल घालून थांबले.

मशीन सुरू व्हायला वेळ लागतो. बाहेर शेजारच्यांच्या मोटरी आमच्या वाटचं पाणी ओढत होत्या, ते ऐकू येत होतं. मी फाइल पुढं सरकवली. माझे सासरे आले. गंध. टोपी. नमस्कार. बायकोनं सवयीनं रिमोटकडं हात केला, तेव्हा दाजी म्हणाले, “थांबवू नका वहिनी. हे मला ठावं हाय. फुडं चालू द्या.”

पुढं चालू दिलं. माणसं उठली, बसली. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि कॅमेरेवाला मुलाकडच्या बाजूला वळला. पहिल्या रांगेत दाजी, तरणे, मिशा काळ्या, डोक्यावर कडक पांढरी टोपी, मुठीत अक्षता. अक्षतांचा पाऊस पडला. आणि त्यांच्या मागून एक हात आला. हिरव्या बांगड्यांचा, मनगटावर गोंदण असलेला. त्या हातानं टोपी दोन बोटांत धरून वर उचलली, अगदी तापल्या तव्यावरची भाकरी उचलावी तशी, आणि हात गेला. दाजी अक्षता टाकत होते. मग त्यांचा हात डोक्याकडं गेला.

कॅमेरा त्या हातामागं गेला, कारण कॅमेरेवाल्याला बहुतेक लगबग करणाऱ्या बायका टिपायच्या होत्या. गर्दीतून वाट काढत ती बाई आमच्या चुलत्यांपाशी पोचली, टोपी त्यांच्या हातात दिली. चुलत्यांनी ती एका जाड्या, घामाघूम, ऐनवेळी पोचलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर ठेवली. त्या बाईनं वळून बघितलं. कॅमेऱ्याचा प्रखर दिवा तिच्या तोंडावर पडला, आणि ती त्याच्याकडं बघून छान हसली.

आई होती.

आम्ही सगळे एकदम कोपऱ्याकडं वळलो. आईनं मेथीची एक काडी उचलली, पानं खुडली, काडी बाजूला टाकली.

“व्हय,” ती म्हणाली. “मीच.”

मग तिनं जे सांगितलं ते असं. मुलीकडच्यांनी टोप्या आपण सांगितल्या तेवढ्याच आणल्या होत्या, एक कमी नाही. जास्तीची माणसं आपली आली. तो पाहुणा मेंढरांचा मोठा व्यापारी, माझ्या वडिलांच्या, आबांच्या, बरोबरीचा, त्याला बोडका बसवला असता तर गावभर झालं असतं, आणि नाव जाणार होतं मुलीकडच्यांचं. “मंग काय करू?” ती म्हणाली. “परक्याच्या डोईवरची टोपी कशी काढावी? आपल्या मानसाची काढली. मला वाटलं, ह्यो आपलाच हाय, ह्याला काय वाटायचंय.”

“आन् नंतर सांगायचं नाय का मामी?” दाजींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “इतकी वर्सं वारं वारं करत बसलात.”

“तुमी रुसलात की. जावई रुसला म्हणल्यावर सासूनं तोंड कसं उघडावं? आज सांगते, उद्या सांगते करता करता म्हातारी झाले.”

दाजींनी घातलेली चप्पल काढली आणि येऊन सोफ्यावर बसले, या वेळी पाठ टेकून.

“मागं घ्या जरा,” ते मला म्हणाले.

मी मागं घेतलं. हात आला, टोपी गेली. परत मागं घ्यायला लावलं. मग आई वळून हसते तिथं थांबवायला लावलं. तिथं ते बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं. आधी आवाज नाही, मग असा आवाज की बाहेरच्या मोटरी ऐकू येईनात. “मामी हसतीया बघा,” ते अक्काला म्हणाले. “टोपी हातात हाय आन् हसतीया.” डोळे पुसून त्यांनी माझ्या बायकोकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले. म्हणाले, वहिनी, तुमच्या वडलांवर उगा आळ घेतला मी. बायकोनं मान हलवली. ती रडत होती, पण त्या रडण्यात विजय अगदी उघड दिसत होता. आईनं मेथी संपवली.

मला वाटलं, आता माझी पाळी. मी सगळ्यांना मोटर, वायर, विजेचा घोट आणि टाकी म्हणून विकला गेलेला ठोकळा हे सगळं नीट समजावून सांगायला लागलो. आता मोटरला वेगळी जाड वायर, सर्व्हरला बॅटरी असलेला यूपीएस, आणि एसएमपीएस नवाकोरा, हे सगळं मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. कुणी ऐकत नव्हतं. दाजी मला मधेच तोडून म्हणाले, ते राहू द्या, मला एवढा तुकडा मोबाइलात घालून द्या. टोपी नको, तुकडा द्या. त्यांच्या भावकीतल्या ज्या ज्या माणसानं त्यांना खोटं पाडलं होतं, त्या प्रत्येकाचं नाव त्यांच्या तोंडावर तयार होतं. मी तुकडा कापून दिला. तिथंच बसून त्यांनी थोरल्या भावाला फोन लावला आणि पहिलं वाक्य असं बोलले, की अख्ख्या गल्लीला कळलं, कन्नडचे दाजी कधीच खोटं बोलत नव्हते.

पत्रिका देवापुढं ठेवली होती. बायकोनं ती कुंकू लावून आणली आणि अक्काच्या ओटीत घातली. दाजी फोनवरचं बोलणं अर्धवट ठेवून माझ्याकडं वळले.

“हळद किती वाजता हाय?”

मी सांगायला तोंड उघडलं, पण अक्का माझ्या आधी बोलली. त्या दिवसात ती पहिल्यांदाच एवढं मोठ्यानं बोलली. “वाजता काय इचारताय? आपण आदल्या दिशीच येतोय.”